हार्ले-डेव्हिडसन, १९८३: ४५ टक्के आयात शुल्काने कारखाना वाचला का?

आयात शुल्काच्या वादात दोन्ही बाजूंचे लोक हार्ले-डेव्हिडसनचेच उदाहरण देतात. शुल्काच्या बाजूचे म्हणतात, १९८३ मध्ये अमेरिकेने जपानी मोटरसायकलींवर जबर शुल्क लावले म्हणून ही कंपनी जगली. मुक्त व्यापाराच्या बाजूचे म्हणतात, शुल्काचा काडीचा उपयोग झाला नाही, कंपनी स्वतःच्या हिमतीवर सावरली. शुल्क नेमके कशावर लागले, कशावर लागले नाही आणि त्या काळात कारखान्यात काय चालले होते, हे तीन धागे वेगळे केले की या वादातली बरीच हवा निघून जाते. कंपनी जगजाहीर असल्याने तिचे नाव तसेच ठेवले आहे. आतली माणसे हुद्द्यांनीच येतील.

## पार्श्वभूमी

विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात १९०३ साली सुरू झालेली ही कंपनी १९६९ मध्ये एएमएफ या क्रीडासाहित्य बनवणाऱ्या बड्या समूहाने विकत घेतली. मोटरसायकलींना मागणी होती, म्हणून नव्या मालकांनी उत्पादन भराभर वाढवले. १९७३ मध्ये अंतिम जुळणी पेन्सिल्व्हेनियातल्या यॉर्क इथल्या कारखान्यात नेली. इंजिने आणि गिअरबॉक्स मात्र मिलवॉकीतच बनत राहिले. म्हणजे इंजिन एका गावात, गाडी हजाराहून अधिक किलोमीटर दूर दुसऱ्या गावात, आणि मध्ये ट्रकांची रांग.

उत्पादन वाढले, पण यंत्रे आणि तपासणीची पद्धत जुनीच राहिली. गाड्या तेल गळायच्या. शोरूममधल्या नव्या गाडीखाली डीलर पुठ्ठा टाकून ठेवत. कित्येक गाड्या एखादा भाग नसतानाच लाइनवरून उतरायच्या, आणि तो भाग डीलरने बसवायचा. याच काळात होंडाने सीबी ७५० आणली होती. चार सिलिंडर, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, बटणावर चालू होणारी आणि तेल न गळणारी. १९७३ मध्ये मोठ्या मोटरसायकलींच्या अमेरिकी बाजारात हार्लेचा वाटा सुमारे तीन-चतुर्थांश होता. १९८३ पर्यंत तो २३ टक्क्यांच्या आसपास आला.

जून १९८१ मध्ये कंपनीतल्याच १३ अधिकाऱ्यांनी ती एएमएफकडून सुमारे ८ कोटी डॉलरना विकत घेतली. यातला बहुतेक पैसा बँकेचा होता. मुहूर्त मात्र फार वाईट निघाला. अमेरिकेत चलनवाढ मोडून काढण्यासाठी व्याजदर २० टक्क्यांच्या घरात नेले होते, आणि मोटरसायकल ही बहुतेक गिऱ्हाइके कर्जावर घेतात ती वस्तू.

## अडचण नेमकी कुठे होती

मागणी आटली आणि कंपनीने सुमारे ४० टक्के कामगार कमी केले. तेवढ्यात जपानमध्ये एक वेगळेच युद्ध पेटले होते. होंडाला मागे टाकून पहिल्या क्रमांकाचे मोटरसायकल उत्पादक व्हायचे, असे यामाहाने जाहीर केले. होंडाने उत्तर म्हणून वर्ष-दीड वर्षात शंभराहून अधिक नवी मॉडेले बाजारात उतरवली. दोघांचे कारखाने पूर्ण वेगाने चालले आणि जादा माल जहाजांत भरून अमेरिकेत गेला. तिथे मंदी. त्यामुळे वितरकांच्या गोदामांत महिनोन्महिने पुरेल एवढा साठा पडून राहिला आणि तो मोठ्या सवलतीत निघू लागला. १९८३ च्या सुरुवातीला यामाहाने जाहीर माघार घेतली, पण तोवर माल समुद्र ओलांडून आला होता.

हे झाले बाहेरचे दुखणे. आतले दुखणे कंपनीच्या अधिकाऱ्यांना १९८२ मध्ये दिसले, आणि तेही प्रतिस्पर्ध्याच्या घरी. ओहायोतल्या मेरीसव्हिल इथे होंडाचा जुळणी कारखाना होता. तिथे हार्लेचे लोक पाहायला गेले. रोबोंची फौज असेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात साधी लाइन, थोडेसे कागद, अगदी कमी साठा आणि अमेरिकी कामगार. तिथे लाइनवरून उतरणाऱ्या सुमारे ५ टक्के गाड्या तपासणीत नापास होत. हार्लेकडे हेच प्रमाण ५० टक्क्यांहून जास्त होते.

मजुरी स्वस्त, येनची किंमत कमी, जपानी सरकारचा पाठिंबा ही कारणे ओहायोत लागू पडत नव्हती. आयातीवर कितीही शुल्क लावले, तरी ओहायोत बनलेली गाडी आयात ठरत नाही.

## समोरचे पर्याय

पहिला मार्ग अँटी-डम्पिंगचा. तो आधीच करून झाला होता. एएमएफच्या काळातल्या तक्रारीवर १९७८ मध्ये अमेरिकी अर्थखात्याने डम्पिंग झाल्याचे मान्य केले, पण त्यामुळे देशी उद्योगाची हानी झाली नाही असे अमेरिकेच्याच आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने ठरवले. त्यामुळे शुल्क लागले नाही. अँटी-डम्पिंगमध्ये दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: परदेशी माल सामान्य किमतीपेक्षा कमी दराने आला, आणि त्यामुळेच आपले नुकसान झाले. एक पाय लंगडा पडला की अर्ज पडतो.

दुसरा मार्ग १९७४ च्या व्यापार कायद्यातले कलम २०१. समोरच्याने काही गैर केले हे इथे दाखवावे लागत नाही. आयात वाढली आहे, आणि गंभीर हानीचे किंवा तशा धोक्याचे ती मोठे कारण आहे, एवढे पुरते. त्या बदल्यात मिळणारे संरक्षण तात्पुरते आणि उतरत्या क्रमाचे असते, आणि अंतिम निर्णय राष्ट्राध्यक्षांच्या हाती असतो. पण ‘मोठे कारण’ याचा कायद्यातला अर्थ कडक आहे: इतर कोणत्याही कारणाहून ते कमी महत्त्वाचे असता कामा नये. मंदी समोर ढळढळीत दिसत असताना हे पटवणे सोपे नव्हते.

तिसरा मार्ग शुल्काच्या भानगडीत न पडता सगळा जोर कारखान्यावर लावण्याचा. हा एकट्याने पुरला नसता; सुधारणा व्हायला तीन-चार वर्षे लागतात आणि कर्जाचा हप्ता तिमाहीला येतो. चौथा मार्ग कंपनी विकण्याचा, पण एएमएफने नुकतीच काढून टाकलेली कंपनी त्या मंदीत घेणार कोण?

अधिकाऱ्यांनी दुसरा आणि तिसरा एकत्र धरला. हाच या प्रकरणातला पहिला महत्त्वाचा निर्णय. कारखान्यातल्या सुधारणा शुल्काचा निकाल यायच्या आधीच सुरू झाल्या होत्या. अर्जाच्या भरवशावर कोणी थांबले नाही.

## अर्ज आणि शुल्काची रचना

१ सप्टेंबर १९८२ रोजी अर्ज दाखल झाला. जानेवारी १९८३ मध्ये आयोगाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी हार्लेच्या बाजूने निकाल दिला. हानी झाली आहे असे नव्हे, तर गंभीर हानीचा धोका आहे, असा तो निकाल होता. बहुमताचा सगळा भर गोदामांतल्या साठ्यावर होता: मंदी ओसरेल, पण हा साठा देशी कंपनीच्या अंगावर येईल. विरोधी मत देणाऱ्या सदस्याचे म्हणणे, नुकसान मंदीचे आहे, आयातीचे नाही.

एप्रिल १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी शुल्क जाहीर केले. मुक्त व्यापाराची भाषा बोलणाऱ्या सरकारने ही सही केली, याची तेव्हा बरीच चर्चा झाली. मूळ शुल्क ४.४ टक्के होते. त्यावर पहिल्या वर्षी ४५ टक्के जादा, दुसऱ्या वर्षी ३५, तिसऱ्या वर्षी २०, चौथ्या वर्षी १५ आणि पाचव्या वर्षी १०. म्हणजे पहिल्या वर्षी एकूण ४९.४ टक्के. यातही ठरावीक संख्येपर्यंतच्या गाड्यांना जादा शुल्क माफ होते: पहिल्या वर्षी पश्चिम जर्मनीच्या ५,०००, जपानच्या ६,००० आणि इतर देशांच्या ४,०००, पुढे हे आकडे दरवर्षी वाढत जाणार होते. जर्मन आणि ब्रिटिश गाड्या मुळातच थोड्या येत, त्यामुळे त्या जवळपास सुटल्या. मार जपानलाच बसावा, पण कागदावर देश निवडल्यासारखे दिसू नये, अशी ही व्यवस्था.

दोन रेषा मात्र इथेच आखल्या गेल्या, आणि पुढचे सगळे त्या दोन रेषांनी ठरवले. पहिली, शुल्क ७०० सीसीच्या वरच्या गाड्यांनाच. दुसरी, हार्लेने इंजिने आणि त्यांचे जुळवलेले भाग यांवरही संरक्षण मागितले होते. ते आयोगाने नाकारले.

## शुल्क लागले, माल येतच राहिला

जपानी कंपन्यांनी ७५० सीसीच्या इंजिनांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) किंवा स्ट्रोक (पिस्टनची धाव) थोडा कमी करून ती ७०० सीसीच्या आत आणली. १९८४-८५ च्या मॉडेलांत होंडा, यामाहा, सुझुकी अशा सगळ्यांच्या ७०० च्या गाड्या दिसू लागल्या. नावात ७००, इंजिन ६९९ सीसीच्या आसपास. गिऱ्हाइकाला चालवताना फरक जाणवेल असा नव्हता. ही युक्ती करायला इंजिन नव्याने आखावे लागत नाही. पिस्टन, सिलिंडर किंवा क्रँक यांच्या मापात फेरफार पुरतो.

त्याहून मोठ्या गाड्यांचे काय? होंडाची गोल्ड विंग मेरीसव्हिललाच जुळवली जात होती. कावासाकीचा कारखाना नेब्रास्कातल्या लिंकन इथे सत्तरीच्या दशकापासून होता. त्यांना जपानहून इंजिने आणि भाग आणायला जादा शुल्क नव्हतेच, कारण दुसरी रेषा तशी आखली गेली होती. अमेरिकेत मोटरसायकलचा कारखाना नसलेल्या सुझुकी आणि यामाहाला झळ जास्त बसली.

तिसरी गोष्ट आधीच आलेल्या मालाची. शुल्क सीमेवर लागते, गोदामात नाही. आयोगाने ज्या साठ्याच्या धोक्यावर बोट ठेवून निकाल दिला, नेमका तोच साठा शुल्काच्या कचाट्यातून सुटला. न विकलेली जुनी मॉडेले पुढेही सवलतीत निघत राहिली.

आणि चौथी, जी सगळ्यात कमी बोलली जाते: हार्लेची त्या वेळची सर्वांत लहान गाडी १,००० सीसीची होती, बाकीच्या १,३४० सीसीच्या. ७५० ची जपानी गाडी घेणारा माणूस ती महाग झाली म्हणून कितीतरी मोठ्या इंजिनाच्या हार्लेकडे वळेल, हे गृहीतकच कच्चे होते. तो ७०० ची जपानी गाडी घेतो, नाहीतर वर्षभर थांबतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने मागणीचे गणित मांडून दाखवले की हार्लेच्या विक्रीतल्या सुधारणेपैकी जेमतेम ६ टक्के भाग या शुल्काच्या खात्यावर टाकता येतो.

## कारखान्यात काय झाले

उरलेले ९४ टक्के कुठून आले याचे उत्तर बरेचसे इथे आहे.

हार्लेने तीन गोष्टी एकत्र चालवल्या: लागेल तेव्हा लागेल तेवढाच माल, निर्णयांत कामगारांचा सहभाग, आणि मशीन चालवणाऱ्यानेच आकडेवारी ठेवून दर्जा राखणे. पहिलीला त्यांनी ‘मॅन’ (मटेरियल ॲज नीडेड) असे नाव दिले होते. इतरत्र तिला जस्ट-इन-टाइम म्हणतात. नावे सोपी आहेत, अंमलबजावणीत मात्र क्रम चुकला की लाइन बंद पडते.

जुनी पद्धत अशी होती: एका मशीनवर एका भागाचा मोठा लॉट काढायचा, तो साठवायचा, मग सेटिंग बदलून पुढचा भाग. सेटिंगला तासन्‌तास लागत, म्हणून लॉट मोठा ठेवणे परवडते असे वाटे. मग ते भाग रॅकवर पडून गंजत. मध्येच ड्रॉइंग बदलले की अख्खा लॉट भंगारात. भाग वाहून नेण्यासाठी मैलोन्‌मैल लांबीचा संगणकावर चालणारा कन्व्हेयर बसवला होता, आणि एवढे असूनही लाइनवर नेमका हवा तो भाग सापडत नसे. साठा प्रचंड, तरी तुटवडा कायम. ज्यांनी मशीन शॉप पाहिले आहे त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

म्हणून सुरुवात साठा कमी करण्यापासून होत नाही, सेटिंगचा वेळ कमी करण्यापासून होते. क्रँक पिनचे उदाहरण घ्या. दोन प्रकारच्या इंजिनांच्या क्रँक पिन जवळजवळ सारख्या, पण तेलाच्या भोकाचा कोन एकीचा ४५ अंश, दुसरीचा ४८. एवढ्याशा फरकासाठी एका पिनवरून दुसरीवर जाताना मशीनचे सेटिंग बदलायला दोन तास जात. इंजिनाला त्या तीन अंशांचा काही उपयोग आहे का, हे डिझाइनवाल्यांना विचारल्यावर उत्तर आले, नाही. दोन्ही पिनांचा कोन एकच केला आणि दोन तासांचे काम काही मिनिटांवर आले. नवे मशीन लागले नाही. लागले ते एवढेच, की मशीनवरचा माणूस, डिझाइनवाला आणि नियोजनवाला एका टेबलावर बसले.

सेटिंग मिनिटांवर आले की लॉट लहान करता येतो. लॉट लहान झाला की खराब भाग पाचशेऐवजी वीसच निघतात आणि चूक त्याच पाळीत सापडते. मग साठा आपोआप उतरतो, रॅक निघतात, जागा मोकळी होते. उलट दिशेने गेले, म्हणजे सेटिंग तसेच ठेवून आधी साठा कापला, तर पहिल्याच आठवड्यात जुळणी थांबते आणि कामगार म्हणतात, ‘बघा, सांगत होतो ना.’

पुरवठादारांच्या बाबतीत सुरुवातीला फसगत झाली. आपला साठा कमी करायचा म्हणून तो पुरवठादारांच्या गोदामात ढकलायचा आणि वर लांबलचक कायदेशीर करार पुढे करायचे, असा प्रयत्न झाला. पुरवठादार सह्या करेनात, आणि केल्या त्यांचा माल वेळेवर येईना. दुसऱ्या फेरीत करार आटोपशीर झाले, पुरवठादारांची संख्या कमी केली आणि सेटिंग कमी करण्याचे प्रशिक्षण त्यांच्याच लोकांना दिले. तेव्हा कुठे माल वेळेवर येऊ लागला.

मिलवॉकी आणि यॉर्कमध्ये दोन वेगळ्या युनियन होत्या. एवढी कपात झाल्यावर त्यांना ‘सहभाग’ हा शब्द संशयास्पद वाटणे साहजिक होते. तरी दोन्हींनी साथ दिली. आधी बाहेर दिलेली काही कामे परत आत घेतली गेली, हे त्यातले एक मोठे कारण.

परिणाम आकड्यांत: साठा वर्षातून २ वेळा फिरत होता, तो १७ वेळा फिरू लागला. ना नफा ना तोटा यासाठी पूर्वी वर्षाला सुमारे ५३,००० गाड्या विकाव्या लागत; १९८६ पर्यंत हा आकडा ३५,००० वर आला. मंदीत तग धरायला हा दुसरा आकडा कोणत्याही शुल्कापेक्षा मोलाचा.

मालही बदलला. १,३४० सीसीचे ॲल्युमिनियमचे नवे इव्होल्यूशन इंजिन १९८४ च्या मॉडेलांत आले. त्याचे काम सत्तरीच्या अखेरीला, एएमएफच्याच पैशाने सुरू झाले होते. एएमएफला शिव्या घालणारे हे विसरतात. १९८३ मध्ये गाडीमालकांचा क्लब सुरू झाला आणि १९८६ च्या मॉडेलांत ८८३ सीसीची स्पोर्टस्टर ३,९९५ डॉलरना आली, म्हणजे नवख्या गिऱ्हाइकालाही पहिली पायरी मिळाली.

## बँकेने हात काढला तेव्हा

शुल्क लागू होऊन दोन वर्षेही झाली नव्हती आणि कंपनी मोडायची वेळ आली ती बँकेमुळे. मुख्य बँक कंपनीला तारणाच्या हिशेबापेक्षा जास्त रक्कम वापरू देत होती. आपल्याकडच्या भाषेत, ड्रॉइंग पॉवरच्या वर. १९८४ च्या अखेरीस बँकेने कळवले की ही सवलत बंद होणार. बँकेचा हिशेब थंड डोक्याचा होता: सध्या बाजार बरा आहे, पुन्हा मंदी आली तर तारणाची किंमत पडेल, तेव्हा आत्ताच बाहेर पडलेले बरे.

१९८५ चे सगळे वर्ष नवा सावकार शोधण्यात गेले. दिवाळखोरीचा अर्ज करण्याची कागदपत्रे एकीकडे तयार होत होती. ३१ डिसेंबर १९८५ रोजी, अगदी शेवटच्या दिवशी, दुसऱ्या वित्तसंस्थेकडून पैसे आले. १९८६ च्या मध्यावर कंपनी शेअर बाजारात उतरली आणि कर्जाचा बराच भार हलका झाला.

सरकारचे संरक्षण आहे म्हणून बँक थांबेल, ही अपेक्षा इथे फोल ठरली. उतरत्या शुल्काचे वेळापत्रक बँकेलाही वाचता येते.

## निकाल

मार्च १९८७ मध्ये हार्लेने स्वतःहून शुल्क मुदतीआधी काढून टाकण्याची विनंती केली. ६ मे रोजी राष्ट्राध्यक्ष यॉर्कच्या कारखान्यात आले आणि त्यांनी भाषण केले. ऑक्टोबर १९८७ मध्ये शुल्क उठले. एरवी ते एप्रिल १९८८ पर्यंत चालले असते. सोडून दिले ते शेवटच्या वर्षातले १० टक्के, तेही सहा महिन्यांचे. एवढ्या स्वस्तात एवढी प्रसिद्धी क्वचित मिळते.

मग शुल्काने काहीच केले नाही असे म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. विक्रीवरचा परिणाम क्षुल्लक होता, पण ठरावीक तारखेला संपणारे पाच वर्षांचे वेळापत्रक कंपनीच्या आत कामाला आले. युनियनला, पुरवठादारांना आणि डीलरांना एकच तारीख सांगता आली: तोपर्यंत उभे राहायचे. जपानी कंपन्यांनाही माल ओतत राहिलो तर पुढचे पाऊल काय पडेल, याचा इशारा मिळाला. या दोन्ही परिणामांचा हिशेब मागणीच्या समीकरणात मांडता येत नाही. म्हणून ते नव्हतेच असे नाही, आणि म्हणून ते फार मोठे होते असेही नाही.

पुढे याच कंपनीचा सूर उलटला. भारताच्या मोटरसायकलवरील शुल्काबद्दल अमेरिकी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी जी जाहीर तक्रार केली ती हार्लेचेच नाव घेऊन. फेब्रुवारी २०१८ मध्ये भारताने ते ५० टक्क्यांवर आणले, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात १,६०० सीसीपर्यंतच्या आयात गाड्यांवर ४० व त्यावरच्यांवर ३० टक्के केले. हे शुल्क चुकवण्यासाठी हार्लेने हरयाणातल्या बावल इथे २०११ पासून सुट्या भागांतून जुळणी केली होती, म्हणजे होंडाने ओहायोत जे केले तेच. २०२० मध्ये तो कारखाना बंद झाला.

## वेगळे काय करता आले असते

सीसीची रेषा १,००० च्या जवळ ठेवायला हवी होती. ७०० ची रेषा ७५० च्या गिऱ्हाइकाच्या खिशाला चाट लावून गेली आणि हार्लेला त्यातून गिऱ्हाईक मिळाले नाही. मोठे इंजिन १,००० च्या खाली आणायचे तर ताकदीतला फरक लपत नाही, त्यामुळे पळवाटही अरुंद झाली असती.

इंजिनांवरचा दावा हरल्यावर जुळणी कारखान्यांचा प्रश्न सुटत नाही हे दिसत होते. तिथेच शुल्काकडून ठेवायच्या अपेक्षा निम्म्यावर आणायला हव्या होत्या.

बँकेशी बोलणी अर्जाच्या वेळीच व्हायला हवी होती. पाच वर्षांचे शुल्क आणि वर्षावर्षाला मागे घेता येणारी कर्जमर्यादा यांचा मेळ बसत नाही.

आणि सरकारच्या बाजूने: कंपनीने सुधारणांची हमी स्वतःहून दिली, कायद्याने ती बांधली नव्हती. १९८८ च्या दुरुस्तीने अर्जासोबत सुधारणेचा आराखडा देण्याची तरतूद आली. हार्लेने तो आराखडा पाळला असता की नाही हा प्रश्न इथे उद्भवला नाही. इतर अनेक उद्योगांत उद्भवला आहे.

## आपल्याकडच्या कारखान्याने अर्ज करताना

भारतात हे काम वाणिज्य मंत्रालयाखालील व्यापार उपाय महासंचालनालय, म्हणजे डीजीटीआर पाहते. कस्टम्स टॅरिफ ॲक्ट १९७५ मधले कलम ८ब सेफगार्डचे (वाढत्या आयातीपासून तात्पुरत्या संरक्षणाचे), ९अ अँटी-डम्पिंगचे. हार्लेचा मार्ग म्हणजे आपले ८ब. त्याची उतरती पायरी इथेही दिसते: २०१८ मध्ये सोलर सेलवरचे सेफगार्ड शुल्क पहिल्या वर्षी २५ टक्के, मग सहा महिने २० आणि पुढचे सहा महिने १५ असे होते. एप्रिल २०२५ मध्ये सपाट पोलादावर १२ टक्के तात्पुरते शुल्क २०० दिवसांसाठी लागले.

अँटी-डम्पिंगसाठी अर्जदारांकडे देशी उत्पादनाचा किमान २५ टक्के वाटा लागतो, आणि मत नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त उत्पादन अर्जाच्या बाजूने लागते. एकट्या लहान कारखान्याला हे सहसा जमत नाही. आधी संघटनेत बसून इतरांचे पाठिंब्याचे पत्र आणि खर्चाचे आकडे मिळवावे लागतात. शेजारचा स्पर्धक आपले खर्चाचे आकडे द्यायला नाखूश असतो, आणि बरेच अर्ज इथेच अडतात. साधारण बारा महिन्यांचा तपासकाळ आणि त्याआधीची तीन वर्षे अशी आकडेवारी लागते. ज्यांनी उत्पादनवार खर्च वेगळा ठेवलेला नाही, त्यांचे तिथेच अडते.

मालाची व्याख्या लिहिताना ७०० आणि ६९९ आठवावे. बोरॉनचा अंश मिसळून साधे पोलाद मिश्र पोलादाच्या शीर्षकात (सीमाशुल्काच्या यादीतल्या वर्गात) बसवण्याची चिनी निर्यातदारांची युक्ती याच जातीची. व्याख्या करताना आठ अंकी शीर्षकाच्या जोडीला वापर, माप आणि पर्यायी माल यांचे वर्णन द्यावे. तरी पळवाट निघाली तर शुल्क चुकवणुकीची वेगळी चौकशी मागता येते, पण त्यात आणखी वेळ जातो.

दुसऱ्या टोकाचा विचारही आधीच करावा. कोक, पिग आयर्न आणि पोलाद हा कोल्हापूरच्या फाउंड्रीचा कच्चा माल आहे. त्यावरचे निर्बंध कोक भट्टीला जगवतात आणि कास्टिंग महाग करतात. १ जानेवारी २०२५ पासून कमी राखेच्या कोकच्या आयातीवर परिमाणाची मर्यादा आली तेव्हा वापरणारे उद्योग लगेच विरोधात उभे राहिले. सुनावणीत ते येणारच, तेव्हा त्यांचे उत्तर आपल्या फाइलमध्ये तयार असावे.

अँटी-डम्पिंगच्या तपासाला एक वर्ष, वाढवून दीड वर्ष लागू शकते. महासंचालनालयाची शिफारस अर्थ मंत्रालयाने मान्य करावीच असे नाही. गेल्या काही वर्षांत कित्येक शिफारशी अधिसूचनेविना राहिल्या. या दीड वर्षात बँकेची स्टॉक स्टेटमेंट दर महिन्याला जातातच, आणि पडत्या किमतीने ड्रॉइंग पॉवर उतरत जाते. म्हणून डीजीटीआरकडे अर्ज टाकायच्या आठवड्यातच बँकेच्या व्यवस्थापकासमोर दोन तक्ते ठेवावेत: एक शुल्क लागले तर, दुसरा ते लागलेच नाही तर.